कुलूपबंद यंत्राच्या बाजूने

विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची. ती त्याने कुठे न्यावी आणि कोणत्या भाषेत वापरावी, यात विकणाऱ्याने नाक खुपसू नये, असं मी अनेक वर्षं ठामपणे मानत आलो. व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा विषय निघाला की मी हमरीतुमरीवर यायचो. नोकरीसाठी टोकियोला आल्यापासून पुण्याला जाताना माझ्या बॅगेत दर खेपेला कोणासाठी तरी एखादं यंत्र असायचंच. कधी मावसभावाचं प्लेस्टेशन, कधी भाच्याचा स्विच. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. जिथे स्वस्त तिथून घ्यायचं, एवढा साधा व्यवहार.

आज माझं मत वेगळं आहे. एकाच यंत्राची किंमत देशागणिक वेगळी असावी आणि ती टिकावी म्हणून यंत्राला कुलूपही असावं, असं मला वाटतं. ज्यांच्याशी मी या विषयावर रात्र रात्र वाद घातले त्यांतले काही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या जुन्या मताला भक्कम आधार होता तो निन्टेंडोच्या स्विचचा. मार्च २०१७ मध्ये तो आला तेव्हा जपानमध्ये त्याची किंमत होती २९,९८० येन आणि अमेरिकेत २९९.९९ डॉलर. डॉलर तेव्हा ११५ येनच्या आसपास होता, म्हणजे जपानमध्ये तो स्वस्त होता, पण फरक फार मोठा नव्हता. शिवाय प्रदेशाचं बंधन नाही. टोकियोत घेतलेलं कार्ट्रिज न्यूयॉर्कच्या यंत्रात चालायचं, खातं कोणत्याही देशाचं उघडता यायचं. याच कंपनीने आधीच्या ३डीएसवर प्रदेशबंदी घातली होती, ती सुटल्याचा आनंद मोठा होता. भारतीयांसाठी तर हे वरदानच ठरलं, कारण निन्टेंडोने भारतात स्विच अधिकृतपणे आणलाच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो मिळायचा, ऑनलाइन मिळायचा, पण सगळा माल बाहेरून आलेला.

ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ आला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने तो बनवला, आणि तो सगळ्यांत आधी आला तो स्विचवर. दुर्गा आणि विष्णू ज्याची कथा सांगतात असा खेळ पुण्यात तयार होतो आणि तो ज्या यंत्रावर पहिल्यांदा खेळता येतो ते यंत्र पुण्यातल्या एकाही अधिकृत दुकानात मिळत नाही! मग बाहेरून आणलेल्या यंत्राला नावं कशाला ठेवायची, असा माझा सवाल असायचा. त्याला कोणाकडे नीट उत्तर नव्हतं.

मत पालटायला सुरुवात झाली ती येनच्या घसरणीने. २०२२ पासून येन खाली येत गेला आणि जुलै २०२४ मध्ये डॉलरला १६१ येन मोजावे लागले. स्विचच्या ओएलईडी मॉडेलची जपानमधली किंमत मात्र ३७,९८० येनच राहिली. त्या दराने ती २४० डॉलरच्याही आत येते. तेच यंत्र अमेरिकेत ३४९.९९ डॉलरला. त्यातून परदेशी पर्यटकाला जपानचा १० टक्के उपभोग कर माफ. जगातला सगळ्यांत स्वस्त कन्सोल बाजार म्हणजे जपान, हे कळायला कोणाला वेळ लागला नाही.

टोकियोच्या अकिहाबारात लोकांकडून सामान विकत घेणारी दुकानं आहेत. त्यांच्या दारात त्या दिवसाचे खरेदीचे भाव लावलेले असतात, मॉडेलच्या नावापुढे आकडा, खाली खाडाखोड करून नवा आकडा. प्लेस्टेशन ५ चा तुटवडा होता त्या काळात सीलबंद यंत्राला ही दुकानं छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देत होती. म्हणजे एका दुकानातून यंत्र घ्यायचं, वरचं प्लास्टिक न काढता दोन गल्ल्या ओलांडायच्या आणि दुसऱ्या दुकानात विकायचं, की नफा हातात. मी तिथे उभा राहून हे पाहिलं आहे. आत छतापर्यंत रचलेली पांढरी खोकी आणि बाहेर चाकांच्या रिकाम्या सुटकेस घेऊन थांबलेली माणसं. त्याच काळात माझ्या टीममधले एक जपानी सहकारी मुलाच्या वाढदिवसासाठी एकेका दुकानाच्या सोडतीत नाव घालत होते आणि त्यांचा नंबर काही लागत नव्हता. शेवटी काही दुकानदारांनी गिऱ्हाइकासमोरच खोकं उघडून, वर त्याचं नाव लिहून यंत्र द्यायला सुरुवात केली, म्हणजे ते ‘नवं’ म्हणून पुढे विकता येणार नाही.

त्या सहकाऱ्यांनी मला कधी काही ऐकवलं नाही. पण माझ्या बॅगेतून जाणारं यंत्र आणि त्यांच्या मुलाला न मिळालेलं यंत्र यांचा संबंध मला तोडता येईना.

त्यानंतर सोनीने केलं ते अपेक्षितच होतं. प्लेस्टेशन ५ जपानमध्ये २०२० साली करासह ५४,९७८ येनला आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ते ६०,४७८ येन झालं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९८० येन. यंत्र जुनं होत जाईल तसं स्वस्त होतं, ही या धंद्याची जुनी रीत. इथे मात्र चार वर्षांत किंमत जवळजवळ दीडपट झाली. ज्या देशात पगार दशकानुदशकं फारसे हलले नव्हते तिथल्या कुटुंबाने हे कसं पेलायचं? खुल्या यंत्राचा भाव अखेर जगातल्या खरेदीदारांच्या पैशाशी बांधला जातो, आणि त्या बाजारात घरचाच माणूस मागे पडतो.

तरीही मी लगेच मान डोलावली नाही. हे येनचं दुखणं आहे, तत्त्वाचं नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. मग नोव्हेंबर २०२३ मधल्या तुर्कस्तानच्या घटनेचा मी पुन्हा विचार केला. स्टीम हे संगणकावरच्या खेळांचं सगळ्यांत मोठं दुकान. तुर्कस्तान आणि अर्जेंटिना इथे तिथल्या चलनात, तिथल्या खिशाला परवडतील असे भाव असायचे. श्रीमंत देशांतल्या लोकांनी पत्ता बदलून, व्हीपीएन लावून तिथली खाती उघडली आणि चवलीच्या भावात खेळ घेतले. हे उघड गुपित होतं. दोन्ही चलनंही कोसळत होती. शेवटी चलनाच्या अस्थिरतेचं कारण देऊन स्टीमने दोन्ही देशांत भाव डॉलरमध्ये केले. इस्तंबूलच्या विद्यार्थ्याला कालपर्यंत परवडणारा खेळ एका रात्रीत हाताबाहेर गेला. युरोपातल्या ज्या माणसाने तुर्की खात्यावर वीस खेळ घेऊन ठेवले होते, त्याचं काय बिघडलं? काहीच नाही.

आणि आपलं काय? नोव्हेंबर २०१५ पासून भारतीयांना स्टीमवर रुपयांत भाव मिळतो आणि बऱ्याच खेळांचा भाव अमेरिकेपेक्षा कमी असतो. खात्याचा देश भारत ठेवायचा असेल तर पैसे भरण्याचं साधनही भारतातलं लागतं. म्हणजे हेही एक कुलूपच. त्या कुलपाच्या आत बसून मी स्वस्त खेळ घेत होतो आणि त्याला कधी अन्याय म्हणालो नव्हतो. माझं तत्त्व फक्त दुसऱ्याच्या दारावरच्या कुलपाला लागू होतं.

इथे धंद्याचं गणितही समजून घ्यायला हवं. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फार कमावत नाही. प्लेस्टेशन ५ चं ४९९ डॉलरचं मॉडेल आता तोट्यात विकलं जात नाही, हे सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे तोवर ते तोट्यात होतं. कमाई होते ती पुढे, खेळांवर आणि वर्गणीवर. स्वस्त यंत्र ही कंपनीची त्या देशातल्या ग्राहकात केलेली गुंतवणूक असते. ते यंत्र देशाबाहेर गेलं की त्या देशाच्या हिशेबात नुसता खर्च उरतो आणि पुढच्या वेळी कंपनी तिथे स्वस्त विकायचा विचारच सोडून देते.

म्हणून जून २०२५ मध्ये निन्टेंडोने स्विच २ आणला तेव्हा त्याची किंमत पाहून मला आधी राग आला आणि मग तर्क पटला. जपानमध्ये दोन यंत्रं. एक ४९,९८० येनचं, खोक्यावर स्पष्ट छापलेलं, ‘जपानी भाषा, देशांतर्गत वापरासाठी’. त्यात फक्त जपानी भाषा आणि जपानमध्ये नोंदवलेलंच खातं चालतं. दुसरं सगळ्या भाषांचं, ६९,९८० येनला. अमेरिकेत किंमत ४४९.९९ डॉलर. म्हणजे कुलूपबंद यंत्र अमेरिकेपेक्षा शंभरेक डॉलरने स्वस्त. त्याआधी मार्चमध्येच निन्टेंडोने आपल्या जपानी ऑनलाइन दुकानात परदेशी क्रेडिट कार्ड घेणं थांबवलं होतं. कंपनीच्या स्वतःच्या सोडतीत नाव घालायलाही अट होती: जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेलं असावं आणि ऑनलाइन सेवेची एकूण वर्षभराची वर्गणी भरलेली असावी. तरीही २२ लाख अर्ज आले. पण या वेळी रांग होती ती खेळणाऱ्यांची.

नंतर जे घडलं त्याने माझी उरलीसुरली शंका गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सोनीनेही जपानी भाषेपुरतं, जपानी खात्यापुरतं डिजिटल प्लेस्टेशन ५ बाजारात आणलं, ५५,००० येनला. त्याआधी डिजिटल मॉडेल ७२,९८० येनला होतं. एका झटक्यात जवळजवळ १८,००० येन उतरले. प्रतिस्पर्ध्याने घरच्या ग्राहकासाठी भाव पाडला आणि दुसऱ्याला तेच करावं लागलं. कुलूप नसतं तर दोघांपैकी एकानेही हे धाडस केलं नसतं.

एक गोष्ट मला अजूनही टोचते, ती लपवत नाही. टोकियोतल्या आमच्या निशी-कासाईत भारतीय कुटुंबं भरपूर आहेत. त्यांतली बरीच मुलं इथल्या भारतीय शाळांत जातात, इंग्रजीत शिकतात, जपानी कांजी अक्षरं वाचता वाचता अडखळतात. त्यांचे आईवडील इथेच राहतात, इथेच कर भरतात, येनमध्येच पगार घेतात. तरी स्विच २ आला तेव्हा मुलाला इंग्रजीत खेळायचं असेल तर २०,००० येन जास्त मोजावे लागत. कुलूप असावं ते पत्त्याचं, भाषेचं नको. ज्याचं खातं, कार्ड आणि घर जपानमध्ये आहे त्याने यंत्र मराठीत वापरलं तरी कंपनीचं काय जातं? एवढा भाग मला मान्य नाही आणि होणारही नाही.

आता भारताबद्दल. कंपन्या आपल्याला लुटतात, हे माझं आवडतं वाक्य होतं. एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरचं सीमाशुल्क १० वरून २० टक्के झालं. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार. जानेवारी २०१९ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला खरा, पण तो शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. शंभर रुपयांचं यंत्र बंदरावर उतरलं की १२२ चं होतं आणि जीएसटी लागून जवळपास १४४ चं. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आलं. ४९९ डॉलर गुणिले तेव्हाचे साधारण ७३ रुपये, वर ४४ टक्के, म्हणजे ५२,००० च्या वर. शुल्क किरकोळ किमतीवर नव्हे, आयातमूल्यावर लागतं, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण लुटीचा आरोप त्यातून निघत नाही. आपल्या किमतीतला मोठा हिस्सा दिल्लीत ठरतो.

दुसरी उणीव स्पर्धेची. एक्सबॉक्स सिरीज एस भारतात ३४,९९० रुपयांना आला ही चांगली गोष्ट होती, पण तिसरा खेळाडू मैदानात नाहीच. जपानमध्ये निन्टेंडोने भाव पाडला म्हणून सोनी हलली. भारतात सोनीला हलवायला कोण आहे?

म्हणून माझं मागणं सरळ आहे. निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे यावं आणि भारतीय पगार डोळ्यांपुढे ठेवून किंमत ठरवावी. त्या बदल्यात यंत्र फक्त भारतीय खात्यावर चालावं, दुबईत किंवा सिंगापुरात चालू नये. ते कुलूप मी आनंदाने स्वीकारीन. सरकारने २०१८ मध्ये वाढवलेलं १० टक्के शुल्क मागे घ्यावं. आणि टोकियोत नातेवाईक असलेल्या वाचकांना एक विनंती: जपानमधलं कुलूपबंद यंत्र मागवू नका. पुण्यात ते फक्त जपानी दाखवेल आणि त्याच्या दुकानात तुमचं भारतीय कार्ड चालणार नाही. ते ज्यांच्यासाठी ठेवलं आहे त्यांना घेऊ द्या.