मानेचा होकार

वार्धक्यात ज्यांचे कान मंदावतात त्यांच्याविषयी घरोघरी एक ठरलेली तक्रार असते : 'त्यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते!' आमच्या आईविषयी ही तक्रार आम्हीही पुष्कळ वर्षे थट्टेने करीत आलो. 'आई, शाल देऊ का?' असे विचारावे, तर 'साल? कशाची साल?' असा प्रतिप्रश्न यावयाचा आणि माजघरात हशा पिकावयाचा. पुढे पुढे तिने विचारणेच सोडून दिले. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ती नुसती मान डोलावू लागली, आणि तिला आता समजू लागले अशी आम्ही आपली समजूत करून घेतली.

वस्तुतः ऐकणे ही एकट्या कानाची क्रिया नव्हेच. छापील ओळीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती बहुधा नसते. 'घर विकले' हे शब्द एकमेकांत मिसळून वाहतात. उलट 'पत्ता' या एकाच शब्दाच्या पोटात क्षणभर निखळ शांतता असते. या प्रवाहातून शब्द वेचून काढावयाचे ते श्रोत्याच्या मनानेच. इतकेच नव्हे, तर जे कानी पडलेच नाही तेही मन पदरचे घालते. १९७० साली रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातील एका शब्दामधला एक वर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज बसविला व ते वाक्य वीस जणांस ऐकविले. वीसांपैकी एकोणीस जणांनी एकही वर्ण गळलेला नाही असे सांगितले. राहिलेल्या एकाने गळल्याचे सांगितले, पण भलताच वर्ण दाखविला! खोकला नेमका कोठे आला, हेही कोणास सांगता आले नाही.

म्हातारपणी या उसनवारीवरच सारा भार पडतो. वयोमानाने प्रथम जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. आणि 'स', 'श' यांसारख्या वर्णांचे, तसेच 'क' व 'प' यांतील भेदाचे, रहस्य बरेचसे त्या पट्टीतच दडलेले असते. स्वर खालच्या पट्टीतले आणि ठसठशीत, म्हणून ते टिकतात. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द येत नाही. ओरडून बोलल्याने स्वर तेवढे फुगतात. गेलेले व्यंजन परत येत नाही.

हे सारे आम्हांस कळले ते मात्र फार उशिरा. कोकणातील आमचे मातीच्या भिंतींचे घर आईच्या संमतीवाचून विकावयाचे नाही, असे आम्हां भावंडांत ठरले होते. एका संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी, अर्धवट अंधारात, आम्ही तिला विचारले, 'आई, गावचे घर विकून टाकू ना?' तिने मान हलविली. आमच्या मनावरचे मोठे ओझे उतरले. व्यवहार पुरा झाला. दसरा उलटल्यावर ती सहज म्हणाली, 'अरे, घर लिपून झाले असेल ना एव्हाना? मग यंदा दिवाळीला जाऊ या की.'

'विकून' आणि 'लिपून' : स्वर तेच, व्यंजने तेवढी निराळी. त्या घराच्या भिंती दर वर्षी लिपून घेण्यात जिचा जन्म गेला, तिच्या मनाने गळलेल्या जागी दुसरे काय भरावे? परंतु तिला दोष देण्यापूर्वी आम्ही स्वतःकडे पाहिले. तिने 'होय' हा शब्द उच्चारलाच नव्हता. आमचे कान तर धडधाकट होते. तरीही त्या मानेच्या हालण्यात आम्हांस होकार ऐकू आला, कारण तोच आम्हांस हवा होता. हवे तेवढेच ऐकणारी ती नव्हे, आम्ही होतो.

आता आम्ही तिच्यासमोर, उजेडात बसतो. कशाविषयी बोलावयाचे ते आधी सांगतो, मग सावकाश बोलतो. तिने मान डोलावली तरी उठत नाही. 'आई, मी काय म्हणालो ते सांग बघू,' असे म्हणतो. ती सांगते, कधी बरोबर, कधी अगदीच भलते. भलते सांगितले तरी घरात आता कोणी हसत नाही.