शाम्पूलाही मर्यादा असते



मागच्या क्षमावाणीला माझ्या धाकट्या जाऊबाई घरी आल्या होत्या. उत्तम क्षमा म्हणून झालं, खाणं झालं. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? रागावू नका. तुम्ही श्रावणात दिलेल्या त्या शाम्पूनं माझ्या डोक्यात पुरळ उठलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी मला क्षमा केली होती, आणि मला माझी चूकच माहीत नव्हती!

झालं असं होतं. लेकीच्या डोक्यात सारखी खाज आणि कोंडा. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू वापरायला सांगितलं. दुकानात बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागले, तर कशात मध, कशात रेशमाचं प्रोटीन, कशात केराटिन, म्हणजे लोकर, शिंगं, पिसं असल्या वस्तूंतून काढलेलं. ग्लिसरीन वनस्पतीचं की चरबीचं, ते लिहिलेलंच नसतं. आपल्या देशात 2014 साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी आली, हे फार चांगलं झालं. पण चाचणी नाही म्हणजे आत प्राणिज काही नाही, असं होत नाही. म्हटलं, घरीच करू.

रिठे, शिकेकाई, आवळकाठी उकळली, दुहेरी कापडातून गाळली, बाटल्या भरल्या. टिकण्यासाठी काही घालायचं मुद्दाम टाळलं. एक तर "केमिकल नको", आणि दुसरं म्हणजे ते द्रव्य जीव मारण्यासाठीच असतं, आपण कशाला घालायचं? एक बाटली सिडकोत आमच्या घरी राहिली, एक गारखेड्याला जाऊबाईंकडे गेली. आमची चार दिवसांत आंबली, झाकण उघडताना फुस्स झालं. मी ती मोरीत ओतली आणि विसरले. जाऊबाई मात्र "ताईंनी प्रेमानं दिलंय" म्हणून दोन आठवडे तेच डोक्याला लावत होत्या. फोन करून "टाकून द्या" म्हणायचं माझ्या मनातच आलं नाही.

त्या रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, गाळलेल्या पाण्याची मर्यादा आपण एक मुहूर्त म्हणजे 48 मिनिटं धरतो. लवंग वगैरे घालून प्रासुक केलं तर सहा तास. उकळलेलं चोवीस तास. मग तुझ्या रिठ्याच्या पाण्याला मर्यादा नाही का? ते काय पाणी नाही?"

मैत्रिणींनो, रोज सकाळी गाळणं धुऊन वाळत घालणारी मी, आणि हे एवढं साधं मला सुचलं नाही! हिंसा टाळायची म्हणून जे घालायचं टाळलं, त्यामुळेच बाटलीत अगणित जीव तयार झाले आणि शेवटी मी ते सगळे मोरीत ओतले.

मी विचारलं, "पण आई, ते द्रव्य घालणं हीसुद्धा हिंसाच ना?" त्या म्हणाल्या, "तूरडाळीला एरंडेल का चोळतेस? किडे मारायला? किडे होऊच नयेत म्हणून. झाल्यावर मारणं वेगळं, होऊ न देणं वेगळं." मला हे पटलं. तुम्ही आपापल्या महाराजांना, माताजींना जरूर विचारा. मी काही शास्त्र शिकलेली नाही.

तेव्हापासून आमच्या घरी दोनच पद्धती चालतात.

पहिली, ताजी. एका डोक्यापुरतीच. सहा-सात रिठे फोडून बी काढायची, तीन-चार शिकेकाईच्या शेंगा, चमचाभर आवळकाठी. सकाळी दोन पेले गरम पाण्यात अर्धा तास भिजवायचं, स्टीलच्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, कोमट झाल्यावर कुस्करून गाळायचं आणि त्याच अंघोळीत संपवायचं. उरवायचं नाही, कुणाला बाटली भरून द्यायची नाही. द्यायचेच तर कोरडे रिठे द्या. डोळे घट्ट मिटा, रिठा फार झोंबतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, रिठ्याचा तसा बसत नाही. रिठ्याचा फेस त्यातल्या सॅपोनिनमुळे येतो. सराफ दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात ते याचमुळे.

पण एक लक्षात ठेवा. हेच सॅपोनिन माशांना मारक असतं. पूर्वी काही ठिकाणी मासे धरायला रिठ्याची जात पाण्यात टाकत. म्हणून हे पाणी नदी-तलावाकाठी, विहिरीजवळ सोडू नका. झाडाचं आहे म्हणजे अहिंसक आहे, हा माझा दुसरा गैरसमज होता.

दुसरी पद्धत लेकीसाठी. तिला कॉलेजच्या घाईत उकळत बसायला वेळ नाही. 200 ग्रॅमचं माप असं: डिस्टिल्ड वॉटर 132 ग्रॅम, डेसिल ग्लुकोसाइड 40, कोको बीटेन 20, वनस्पतीजन्य ग्लिसरीन 4, गवार गम 2, सोडियम बेंझोएट 1 आणि पोटॅशियम सॉर्बेट अर्धा ग्रॅम. शिवाय थोडं सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूफूल. ग्लुकोसाइड नारळासारख्या तेलातून आणि मक्याच्या साखरेतून तयार होतं, बीटेन नारळाच्या तेलातून. गवार गम म्हणजे आपल्या गवारीच्याच बियांचं पीठ. घेताना विक्रेत्याला मूळ विचारून घ्या. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा लागतो, चमच्यानं अंदाज नको.

गवार गम आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. त्यावर उकळून कोमट केलेलं डिस्टिल्ड वॉटर घाला. मग सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट विरघळवा. नंतर बीटेन आणि ग्लुकोसाइड हळूहळू मिसळा, घुसळू नका, नाहीतर नुसता फेस होईल. या वेळी हातमोजे घाला. डेसिल ग्लुकोसाइड चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच 11 च्या वर. डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण साडेपाचच्या आसपास. म्हणून शेवटी लिंबूफुलाचं पाणी थेंबथेंब घालत पीएच पट्टीवर 5 किंवा जरा खाली आणायचं. ही पायरी गाळली तर "सौम्य" शाम्पू साबणापेक्षा कडक होतो. शिवाय बेंझोएट आणि सॉर्बेट आम्ल बाजूलाच काम करतात. पीएच चढा राहिला तर ते घालूनही बाटली आंबेल.

वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस बघा. फेस कमी येतो, म्हणून जास्त ओतू नका, तेल लावलेलं असेल तर दोनदा लावा. बाटली पंपाची घ्या, ओली बोटं आत घालू नका. मी तारीख लिहून ठेवते आणि दोन महिन्यांत संपवते. वास किंवा रंग बदलला तर त्याआधीच बंद. आणि हो, सल्फेट म्हणजे विष नव्हे. ते मळ जोरात काढतं, काहींच्या डोक्याला सोसतं, लेकीच्या डोक्याला सोसलं नाही, इतकंच. दुकानातला सौम्य आणि प्राणिज काही नसलेला शाम्पू मिळाला तर तो आणण्यात काही कमीपणा नाही.

गेल्या चातुर्मासात माताजींचा केशलोच पाहिला. त्या हातात राख घेऊन एकेक बट उपटत होत्या, चेहऱ्यावर आठी नाही. शेजारी बसलेली मी घरचं पीएच पट्टीचं पाकीट संपलंय म्हणून काळजी करत होते. मनातल्या मनात हसूही आलं आणि लाजही वाटली. आपण संसारी, आपल्याला केस धुवावेच लागणार. पण माप कमी ठेवता येतं, मर्यादा पाळता येते.

जाऊबाईंकडे दुसऱ्याच दिवशी गेले. पुरळ बरं झालं होतं. त्यांची क्षमा मागितली आणि हातात कोरड्या रिठ्यांची पुडी ठेवली. त्या हसून म्हणाल्या, "ताई, या वेळी तारीख नाही लिहिली?"

तुमच्याकडेही मी कधी काही बाटलीत भरून दिलं असेल तर मोकळेपणानं सांगा. क्षमावाणीची वाट बघू नका.

जय जिनेंद्र.