नियोजन : ५ पैकी २

वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘कामाचं नियोजन’ या रकान्यात ५ पैकी २ बघितले आणि डोक्यात सणक गेली. ती अजून उतरलेली नाही. वक्तशीरपणाला कमी दिले असते तर एक वेळ गप्प बसले असते, कारण खेडहून येताना नाशिक रोडवर गाडी कुठे अडकेल ते कुणाच्याच हातात नसतं. पण नियोजन? पगारच मला त्याचा मिळतो.

मी डिप्लोमावाली. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपचं प्लॅनिंग बघते. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, रामकृष्ण मोरे सर शिक्षणमंत्री असताना. माझी बॅच त्याच्या आधीची. नवे प्लांट हेड आले तशी सकाळी नऊची मीटिंग इंग्रजीत सुरू झाली.

अशाच एका बुधवारच्या मीटिंगची ही गोष्ट. आमची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे बुधवारी संध्याकाळची गाडी चुकली की माल शुक्रवारपर्यंत पडून राहतो. मोठ्या प्रेसवर तीन जॉब लावायचे होते. त्यातल्या एकाची डाय टूल रूममध्ये. पंचला धार नव्हती, पार्टला बर येत होती. डाय अकराच्या आत मिळणार नव्हती. उरलेले दोन जॉब एकाच जाडीच्या पत्र्याचे, म्हणून ते मी पाठोपाठ लावले. मध्ये कॉइल बदलायला नको. आणि डाय बदलायची ती जेवणाच्या सुट्टीत, कारण दुपारनंतर क्रेन कॉइल उतरवण्यात गुंतते. डाय सेटरला आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं, तो आधी जेवून घेणार होता. हे सगळं एका कागदावर वेळेसकट मांडलेलं.

मीटिंगमध्ये पहिला जॉब सांगितला, दुसरा सांगितला. मग ‘डाय अकराला मिळाली तर तिसरा जॉब दुपारी लागेल, नाही मिळाली तर दुसराच पुढे चालवू’ हे सांगायला तोंड उघडलं आणि वाक्य जुळेना. टूल रूम, इलेव्हन, देन... सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि शेजारच्या इंजिनिअर मुलाला म्हणाले, ‘यू एक्सप्लेन.’ त्याने माझ्या हातातला कागद घेतला. माझ्या अक्षरातला. आणि घडाघडा सगळं सांगितलं. डाय जेवणाच्या वेळीच का बदलायची, असं साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं, तेव्हा क्रेन रिकामी असते. त्याने तेच इंग्रजीत सांगितलं. साहेब त्याला म्हणाले, ‘गुड प्लॅनिंग.’

गाडी वेळेवर सुटली. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला सांगितलं ते त्याने केलं. पण क्रेनचं उत्तर कोण देतंय हे तिथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. कागदावरचं अक्षर कुणाचं, हेही सगळ्यांना माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही.

मग मी चिंचवडला संध्याकाळचा क्लास लावला, मोरे सरांच्याच नावाच्या नाट्यगृहापासून जवळ. तिथे दिनक्रम शिकवायचे: मी सहाला उठते, दात घासते, चहा घेते. नोकरी करणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग? दात घासल्याचं मीटिंगमध्ये कोण विचारतं? मी वहीत माझीच वाक्यं लिहायला लागले. काल काय पूर्ण झालं, आज काय लावणार, काय अडलंय, कुणामुळे अडलंय, किती वाजेपर्यंत होईल, नाही झालं तर पर्याय काय. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, तपासून द्यायच्या. नोकरीसाठी इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: उद्याच्या कामाची पाच-सहा वाक्यं रात्री लिहा, मोठ्याने म्हणा, सकाळी तीच बोला. काळांचे तक्ते नंतर पाठ करा. रोज तीच वाक्यं वेगवेगळ्या आकड्यांनी लागतात, त्यामुळे ती जिभेवर बसतात.

भाषेचा आणि नियोजनाचा काडीचा संबंध नाही, असं मी तेव्हा घरी ठणकावून सांगत होते. आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही. रोज पूर्ण वाक्यात लिहायची सवय लागली, तशी अडलेल्या कामापुढे ते कोण सोडवणार त्याचं नाव येऊ लागलं, पर्याय येऊ लागला. पूर्वी हे माझ्या डोक्यात असायचं आणि रात्रपाळीचे सुपरवायझर मला घरी फोन करायचे. आता फोन क्वचित येतो. मात्र हे मराठीत लिहिलं असतं तरी झालंच असतं. मराठीत लिहून द्या, असं मला कधी कुणी म्हटलं नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी त्याच रकान्यात ४ मिळाले. डाय त्याच, क्रेन तीच, जॉब लावायची माझी पद्धतही तीच. मी एचआरकडे गेले, म्हटलं, इंग्रजीचा रकाना वेगळा करा, तिथे मला एक द्या, मी सही करते. फॉर्म हेड ऑफिसहून येतो, म्हणाले. आधीच्या वर्षी पगारवाढ कमी मिळाली की पुढे दरवर्षी पगार तेवढा कमीच राहतो, त्याचं काय, याला मात्र उत्तर नाही.

आता माझ्या हाताखाली जुन्नरचा एक डिप्लोमाचा मुलगा आहे. कॉइलचा हिशेब तोंडी करतो, मीटिंगमध्ये अडखळतो. यंदा त्याचा फॉर्म मी भरला. नियोजनाला ४ दिलेत आणि का दिले ते खाली लिहिलंय. वर कुणी ते खोडलं, तर कारण लेखी मागणार आहे.