खैराचं मुसळ आणि सागाची जहाजं

मालवणला दांडीच्या किनाऱ्याजवळ एका सुताराच्या पडवीत मुसळ उभं होतं. सहज उचलायला गेलो आणि मनगटाला ओढ बसली. जाडी मनगटाएवढी, वजन मात्र पहारीचं. मधला भाग पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत आणि तांबूसकाळा झालेला, टोकाला लोखंडी कडं. "खैर हा तो," सुतारकाका म्हणाले, "वाकसाची धार खाता."

वाळलेल्या खैराच्या गाभ्याचं वजन घनमीटरला १००० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकं. सागाचं साधारण ६५० किलो. म्हणूनच कांडायचं मुसळ, नांगर, गाडीचा कणा अशी मार खाणारी कामं खैराकडे आली. त्याला वाळवी सहसा लागत नाही. गाभ्याचे तुकडे उकळून काढलेला कात विड्यात रंगतो, आणि सुती जाळी, शिडं कुजू नयेत म्हणून ती याच कातात बुडवत. हा कात इंग्लंडच्या मच्छीमारांपर्यंत पोचला होता.

दुपारी होडीतून सिंधुदुर्गावर गेलो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये बांधकाम पुरं झालं. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं, असं सांगतात. तटावर उभं राहिलं की दगडाआधी समोरचा समुद्रच डोळ्यांत भरतो. हा किल्ला बांधला तो आरमारासाठी, आणि आरमार म्हणजे लाकूड.

दुसऱ्या दिवशी विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं गेलो. वाघोटण खाडीच्या काठी कातळ कोरून केलेली मराठ्यांची गोदी अजून आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरड्यावर डागडुजी करायची. इथं मान सागाची. खैर जड, त्याच्या लांब सरळ फळ्याही निघत नाहीत. साग त्यापेक्षा हलका, पाण्यात फारसा फुगत-आकसत नाही आणि त्यातल्या तेलामुळे लोखंडी खिळाही टिकतो. मुंबईत १८१७ साली पाण्यात उतरवलेलं 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. विजयदुर्गाच्या खाडीतलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात जळून गेलं.

त्या गोदीच्या काठावर आज्ञापत्र आठवलं. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. त्यात आरमारासाठी रानातला साग परवानगीनं तोडावा, असं सांगितलं आहे. आंबा-फणसही जहाजांच्या कामाचे, पण रयतेच्या त्या झाडांना हात लावू देऊ नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं फार जुनं, निकामी झाड घ्यायचंच, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं.

परतीच्या वाटेवर जांभ्या दगडाच्या उतारावर खैराची कोवळी झाडं दिसली. खैर भरायला पाव शतक तरी लागतं आणि आज कातासाठी कोकणात तो चोरून तोडला जातो. ज्यांच्या जमिनीत खैर उभा आहे त्यांना एवढीच विनंती: गाभा भरण्याआधी तो विकू नका, आणि एक तोडलात तर दोन लावा.