तडजोड आणि तोडपाणी

गेल्या हिवाळ्यात आम्ही दिघीजवळ राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी निघालो होतो. सोबत आमचे एक सहकारी होते; निवृत्तीला आलेले, व्याकरण शिकवण्यात हयात घालवलेले. रायगडच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका नाक्यावर तरुण शिपायाने हात दाखवला. आम्ही गाडी बाजूला घेतली. "सर, लायसन्स, आर.सी., पीयूसी दाखवा." त्याच्या बोलण्यात कोठेही उर्मटपणा नव्हता. आम्ही मोबाइलवर कागद उघडले आणि पीयूसीची मुदत सहा दिवसांपूर्वी संपल्याचे आम्हालाही तेव्हाच कळले. शिपायाने ई-चलानचे यंत्र काढले.

इथवर सारे कायद्याला धरून चालले होते. "साहेब, इथेच मिटवता येईल का?" हे वाक्य आमच्या तोंडून गेले, त्याच्या नव्हे. त्याने यंत्राकडे पाहिले, मग झाडाखाली बसलेल्या हवालदारांकडे पाहिले. यंत्र पिशवीत गेले. पाचशेची नोट घडी होऊन त्याच्या हाती गेली आणि आम्ही निघालो.

पुढची पंधरा मिनिटे आम्ही पोलिसांच्या भ्रष्टाचारावर बोलत होतो, हे आज लिहितानाही संकोच वाटतो. वाहनचालकाचे हक्क आम्हाला पाठ होते. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या 130 व्या कलमानुसार परवाना मागणारा पोलीस गणवेशात असला पाहिजे. 206 व्या कलमाखाली परवाना ताब्यात घेतला, तर त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते, आणि त्या पोचेवर चालकाला गाडी चालवता येते. केंद्रीय नियमांतील दुरुस्तीनंतर मोबाइलमधील डिजिलॉकरचे कागदही ग्राह्य आहेत. दंड अमान्य असेल तर त्याविरुद्ध दाद मागता येते. हे सारे आम्ही तावातावाने सांगत होतो आणि सहकारी शांतपणे ऐकत होते.

म्हसळा मागे पडल्यावर ते म्हणाले, "गोंडघर फाटा आठवतो का तुम्हाला?"

आठवत होता. 9 जानेवारी 1993 च्या रात्री दिघीच्या जेटीवर चोरटा माल उतरला. तो घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. म्हणजे नाकाबंदी झाली होती, हात दाखवला गेला होता, गाड्या थांबल्याही होत्या. मग बोलणी झाली. ठरलेली रक्कम हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या गेल्या आणि गाड्या सोडल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. 12 मार्चला मुंबईत स्फोटांची मालिका झाली. 257 माणसे मारली गेली. एका उपनिरीक्षकाला आणि काही शिपायांना 2006 साली टाडा न्यायालयाने दोषी ठरवले. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही ती रात्र आली आहे.

आमची पाचशेची नोट आणि त्या चांदीच्या विटा एका तराजूत घालण्याचा अतिरेक आम्ही करणार नाही. पण वाक्य तेच होते, हे नाकारता येत नाही. इथेच मिटवता येईल का?

सहकारी व्याकरणाचे, त्यांनी विषय शब्दांवर नेला. जागेवर दंड भरून गुन्हा मिटवण्याची सोय कायद्यातच आहे, 200 व्या कलमात. सरकारी मराठीत त्या रकमेला 'तडजोड शुल्क' म्हणतात. नाक्यावरच्या मराठीत दुसरा शब्द आहे, 'तोडपाणी'. दोन्हींत पैसे देऊन प्रकरण संपते. फरक एका पावतीचा. पावती हा शब्द 'पावणे' या क्रियापदाचा. पैसे कोणाला पावले, ते ती सांगते. पावतीवर तारीख असते, गुन्हा असतो, गाडीचा क्रमांक असतो. त्या रात्री गोंडघर फाट्यावर असा एक कागद तयार झाला असता, तर तो मालाविषयी काहीतरी बोलला असता.

चालकाचे हक्क आपण आजवर पोलिसापासून बचाव म्हणून वाचत आलो. ते नाक्यावर काय घडले याची नोंद मागण्याचे हक्क आहेत. आणि नोंद मागणाऱ्याला स्वतःच्या गुन्ह्याचीही नोंद होऊ द्यावी लागते. आम्हाला पहिली हवी होती, दुसरी नको होती. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लाच देणाऱ्यालाही थेट गुन्हेगार ठरवले आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याची त्यातून सुटका होते. आमच्यावर बळजबरी कोणीच केली नव्हती. उलट एका तरुण माणसाने काढलेले यंत्र आम्ही त्याला परत ठेवायला लावले होते. नोकरीत त्याला किती दिवस झाले होते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी परतताना वाटेत पीयूसी करून घेतली. पैसे दिले, प्रमाणपत्र मिळाले. त्या नाक्यावर तोच शिपाई होता. या खेपेस सारे कागद चोख होते आणि ते दाखवायला आम्ही काच खाली केली. त्याने आम्हाला ओळखले. हसून कपाळाला हात लावला, आणि काहीही न तपासता गाडी पुढे सोडली.