करवीरनगरीचा कारभारी कोण?

कोल्हापूरला आलात की अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि जाताना गुळाची ढेप, एवढं तर तुम्ही करताच. पण मैत्रिणींनो, देवळातून निघून जरा माळकर तिकटीकडे या. तिथं महानगरपालिकेची इमारत दिसेल. छत्रपतींचं संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. नगरपालिका मात्र संस्थानी काळातली, १८५४ सालची. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली.

इथला कारभार चालतो तरी कसा? आपण निवडून देतो ते ८१ नगरसेवक. ते आपल्यातून महापौर निवडतात. सभेचं अध्यक्षस्थान आणि मान महापौरांचा. पण रोजचा कारभार पाहतात आयुक्त, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. खर्चाच्या चाव्या बऱ्याचशा सोळा जणांच्या स्थायी समितीकडे. आणि बरं का, नगरसेवकांच्या निम्म्या जागा आपल्या, म्हणजे स्त्रियांसाठी राखीव!

नगरसेवक काय कामाचा, असं आपण सहज म्हणून जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि पाच वर्षांहून अधिक काळ सारा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. कामं काही थांबली नाहीत. काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं ते याच काळात, २०२३ च्या दिवाळीत. पण गल्लीतल्या नळाला पाणी आलं नाही, तर हक्कानं जिचं दार ठोठवावं अशी नगरसेविका नव्हती. अंदाजपत्रकावर सभेत प्रश्न विचारणारंही कुणी नव्हतं.

अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. पूर्वी एका प्रभागाचा एकच नगरसेवक असे. आता बहुतेक प्रभागांत चौघं. चौघांवर सोपवलेलं काम कुणाचंच होत नाही, हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको! म्हणून चौघांचीही नावं टिपून ठेवा.

गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत. कचरा, गटार, रस्ता यांची तक्रार आपल्या विभागात लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. वाण्याचा हिशेब आपण पै-पैनं तपासतो, मग घरफाळ्याचा का नको?