दस्तक की सूर?

विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून दहावीच्या तासाला मला पाठवलं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मी वर्गात शिरले की मुलं आधीच जांभया द्यायला लागतात. त्या दिवशी मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "टीचर, सूरह तारिक में पल्सर का ज़िक्र है ना?"

"डेढ़ सौ वाली या दो सौ बीस?" दुसरा खालूनच बोलला. वर्ग खो खो हसला.

मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"भाईजान ने. उनको आपने बताया था, असेंब्ली में."

खरंच सांगितलं होतं. तेव्हा एक फॉरवर्ड आला होता. अरबीत तारिक म्हणजे दार ठोठावणारा, पल्सर नावाचे तारे ठोके देतात, म्हणून सूरहतला तारा तोच. मी ते प्रार्थनेच्या वेळी आवाज चढवून वाचलं आणि पदरचं एक वाक्य जोडलं : "शास्त्रज्ञांनी आता हे मान्य केलं आहे." कोणत्या शास्त्रज्ञांनी, हे मला कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

पुढचे आठ दिवस मी वाचत बसले. भाषेच्या बाईला जेवढं कळलं तेवढं पुढच्या तासाला मुलांना सांगितलं.

पल्सर हे मेलेल्या ताऱ्याचं उरलेलं काळीज असतं. मोठा तारा फुटतो, त्याचा गाभा आत कोसळतो. वजन सूर्याहून जास्त, पण व्यास जेमतेम २० किलोमीटर. म्हणजे नागपूरहून निघालात तर कामठी ओलांडून थोडं पुढे. तो गरगर फिरतो आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ लहरींचा झोत निघतो. झोत आपल्यावरून गेला की आपल्याला एक ठोका मिळतो, दीपगृहासारखा. १९६७ मध्ये जोसलिन बेल या विद्यार्थिनीला पहिला सापडला, तो साधारण १.३४ सेकंदांनी एक ठोका देत होता. इथवर माझा फॉरवर्ड बरोबर होता.

मग आलं १९८२. अमेरिकेत बर्कलीला डॉन बॅकर यांच्यासोबत एक भारतीय विद्यार्थी काम करत होता, श्रीनिवास कुलकर्णी. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, वाढला हुबळीत. आकाशातला एक रेडिओ स्रोत संशयास्पद होता, पण त्यात पल्सर सापडत नव्हता. आधीची यंत्रं इतक्या जलद ठोक्यांसाठी बनलेलीच नव्हती. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीवर पुरेशा वेगाने नोंदी घेतल्या तेव्हा तो पकडला गेला. सेकंदाला ६४२ फेऱ्या!

मुलांना वाटलं, नवा तारा असेल म्हणून जोरात फिरतो. गंमत तिथेच आहे. पल्सर तरुणपणी जलद असतो आणि वयाबरोबर मंदावतो. हा मात्र म्हातारा होता. त्याचं चुंबकत्व क्षीण, वेग कमी होण्याचं नावच नाही. मग एवढा जोर आला कुठून? ज्यांनी याचं उत्तर मांडलं त्यांत आपल्या बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले राधाकृष्णन आणि श्रीनिवासन होते. अशा थकलेल्या ताऱ्याला जोडीदार तारा असतो. जोडीदार उतारवयात फुगतो, त्याचं द्रव्य गोल फिरत या म्हाताऱ्यावर पडत राहतं आणि त्याला पुन्हा गती देतं. आमच्या मोहल्ल्यात पोरं काठीने टायर पळवतात ना, तसं. प्रत्येक टोला छोटा, पण फिरण्याच्या दिशेने बसलेला. फक्त इथे टोले कोट्यवधी वर्षं बसतात. १९९८ मध्ये क्ष-किरणांत असा एक तारा सेकंदाला ४०१ वेळा फिरताना, द्रव्य गिळताना सापडला, तेव्हा ही कल्पना पक्की झाली.

"और वो साथी?" एका मुलीने विचारलं. काही वेळा म्हातारा पुन्हा तरुण झाला की त्याचे झोत जोडीदारालाच जाळून उडवतात. १९८८ मध्ये सापडलेल्या अशा एकाला शास्त्रज्ञांनी काळी विधवा कोळ्याचं नाव दिलं आहे. मुलगी म्हणाली, "एहसानफ़रामोश!" मराठीत कृतघ्न, मी फळ्यावर लिहिलं. तेवढंच माझ्या विषयाचं काम.

हे पाहायला परदेशी जायला नको. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, तारांच्या जाळीच्या. २००४ मध्ये तिथून एनजीसी १८५१ या तारकागुच्छात सेकंदाला सुमारे २०० फेऱ्यांचा पल्सर सापडला. या ताऱ्यांची घड्याळं इतकी नेमकी चालतात की त्यांच्या ठोक्यांतल्या किंचित चुकांवरून गुरुत्वीय लहरींचा माग काढतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अशा पुराव्यांत खोडदच्या नोंदी होत्या.

शेवटी मी मोबाइलवर त्यांचे आवाज लावले. अवकाशात आवाज नसतो. रेडिओचे ठोके स्पीकरला दिले की असे ऐकू येतात, हे आधी सांगितलं. संथ पल्सर : टक, टक. वर्ग खूश, दस्तकच! मग ६४२ वाला. टक नाही, ठक नाही, एक सलग बारीक सूर.

"ये तो सीटी है," तो मुलगा पडलेल्या आवाजात म्हणाला. मग हळूच, "तो क़ुरआन ग़लत?"

या प्रश्नाला मी आठ दिवस भीत होते. म्हटलं, चूक माझी होती, बेटा. तारिक म्हणजे रात्री येणारा. रात्री आलेल्याला दार ठोठवावं लागतं, म्हणून तो शब्द. जुन्या मुफस्सिरांनी कोणी त्या ताऱ्याला सुरैया म्हटलं, कोणी ज़ुहल, म्हणजे शनी. डोळ्यांना दिसणारे तारे. पल्सर त्यांना माहीत नव्हता आणि त्यांचं काही अडलंही नाही. आज मी पल्सरची मोहर लावली आणि उद्या विज्ञानाने आपलं म्हणणं बदललं, तर तू कोणाकडे बोट दाखवशील?

तो खाली बसला. पटलं की नाही, कळलं नाही.

शाळा सुटताना त्याचा भाऊ फाटकाशी उभा होता. मी त्याला थांबवून सगळं सांगितलं, सीटीसकट. हेल्मेट हातात घेऊन त्याने मुकाट्याने ऐकलं.

"टीचर, मैंने तो वो अपनी क्लास के ग्रुप में भी डाला था. सौ-डेढ़ सौ लोग हैं."

"मग आता हेही टाक."

"आपका नाम लिखूँ?"

मी हो म्हटलं.